तरटापलीकडचा आवाज

मंगरूळपीरला तेव्हा आमच्या मळ्याजवळ मुलींची शाळा एकच होती, आणि तीही उर्दूची. आत पाऊल टाकलं की मराठी बंद. आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. माझं मन काही केल्या धजेना. बायको मात्र हट्टालाच पेटली. "तुमाले वाचता येते, मले नुसता आंगठा. पोरीचंबी तसंच करता काय?" शेवटी घातली पोरीला शाळेत.

पोर सात वर्षांची. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी वांग्याच्या वाफ्यात सुरू व्हायचा, तो रात्री डोळा लागेपर्यंत. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात जेवताना ती ऐटीत म्हणाली, "बाबा, पानी दीजिए." माझं डोकंच सणकलं. "हे घर हाये! अठी नीट बोलाचं!" एवढ्या मोठ्यानं खेकसलो की तिच्या हातातला घास खाली पडला.

त्यानंतर पोर गप्प झाली. शाळेत काय शिकलीस विचारलं की मान खाली, आणि "काई नाई." पंधरा दिवस हेच. शाळेनं माझ्या पोरीची वाचाच नेली, अशी माझी खात्री पटली.

"उद्या नाव काढतो तिचं," मी म्हटलं.

"आधी जाऊन तर पाहा," बायको म्हणाली. "मंग काढा."

गेलो. पण पुरुषाला आत मज्जाव. दाराला तरटाचा पडदा आणि बाहेर शाळेची म्हातारी दाई. तिला पोरीचं नाव सांगून मी ओट्यावर टेकलो आणि कान देऊन बसलो. बाई अजून यायच्या होत्या. आत पोरींचा नुसता कल्ला. त्यात एकीचा आवाज खणखणीत, "पहले सबक सुनाओ, फिर खेलने जाओ!" ती धडा म्हणून घेणाऱ्या बाईंची नक्कल करत होती आणि बाकीच्या खिदळत होत्या. मलाही हसू फुटलं. मग वाटलं, कुणाची पोर बघा कशी राज्य करते आहे, आणि माझी बिचारी कोपऱ्यात मुकी बसली असेल!

"कोनाची हो हे पोट्टी?" मी दाईला विचारलं.

दाई माझ्याकडे बघतच राहिली. "अरे भाऊ, आपकीच तो है!"

तिनं हाक मारली. तरट सारून माझी लेक हसत बाहेर आली. मला पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"बाबा, मी असं घरी नाई बोलत," ती घाईघाईनं म्हणाली. "खरंच नाई बोलत."

मला माझीच लाज वाटली. तिला जवळ ओढलं. "बोल वो माय. घरीबी बोल, पाहिजे तसं बोल." आणि तिला परत आत पाठवलं.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "राहू दे तिले तठीच." बाकी सगळं सांगितलं. पोटच्या पोरीचा आवाज मला ओळखू आला नाही, तेवढं मात्र बायकोला आजवर सांगितलेलं नाही.