शनिवारचं दुसरं तिकीट

मी अमरावतीहून पुण्यात नोकरीला आले, तेव्हा हिंजवडीच्या कंपनीने मला यायला-जायला बस दिली, गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं, राहायला जागा मात्र दिली नाही. ती मिळाली कसबा पेठेत, शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे. मी त्यांना काकू म्हणायचे. खोली दाखवण्याआधी त्यांनी मला तेरा नियम वाचून दाखवले. तेरावा नियम असा होता, की आधीचे बारा पुन्हा विचारू नयेत.

त्या घरातून पाठकोरा कागद बाहेर जात नसे. लग्नपत्रिका असो की विजेचं बिल, मागची बाजू कोरी दिसली की काकू तिच्यावर वाण्याची यादी लिहीत. एकदा त्यांनी माझ्या हातात बोटभर चिठ्ठी ठेवली. रवा, हिंग, अंगाचा साबण. मी सहज उलटून पाहिली, तर ते घोड्यांच्या शर्यतीचं तिकीट होतं.

"काकू, तुम्ही रेस खेळता?"

"हळू बोल, खाली ऐकू जातं. मी नाही, आमचे हे."

काका पोस्टात होते. मी यायच्या दोन वर्षं आधी वारले. हयात असताना पावसाळ्यात दर शनिवारी जेवण झालं की ते "व्याख्यानाला जाऊन येतो" म्हणून निघत.

"तीस वर्षं व्याख्यानं ऐकली आणि एका वक्त्याचं नाव सांगता येत नव्हतं," काकू म्हणाल्या. "वर बुटांना चिखल. व्याख्यान काय शेतात असतं?"

दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला घेतला की खिशात तिकिटं निघत. काकूंनी ती बिस्किटांच्या डब्यात साठवली होती आणि लागेल तशी यादीला वापरत होत्या. त्यांनी डबा माझ्यापुढे उघडला. एकाच शर्यतीची, एकाच नंबरची दोन-दोन तिकिटं. जोड्याच्या जोड्या.

"दोन तिकिटं म्हणजे दोन माणसं. नाही का?"

मला तिकिटं माहीत होती ती सिनेमाची. मी मान डोलावली. आता वाटतं, तेव्हा जरा कमी डोलवायला हवी होती.

"आणि ज्या शनिवारी एकच तिकीट, त्या शनिवारी हे माझ्यासाठी गजरा घेऊन यायचे," काकू म्हणाल्या. "ती आली नाही की बायकोची आठवण."

"मग तुम्ही काय करायचात?"

"देवाच्या तसबिरीला घालायचे. एकही माळला नाही."

"पण तुम्ही त्यांना विचारलं का नाही?"

"विचारून काय, आणखी एक व्याख्यान ऐकायचं?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला एकदा ती जागा बघायचीय. दोघं कुठे बसत असतील ते बघितलं की डोक्यातून जाईल. शनिवारी तुला सुट्टी असते ना?"

मी ऑफिसात एका रेसवेड्या सहकाऱ्याला गाठलं. त्याने जेवणाच्या सुट्टीत मला घोडा कसा ओळखावा ते शिकवलं: अंगावर तकाकी हवी, कान ताठ हवेत, शर्यतीआधीच घामाघूम झालेला नको. पैसे कसे लावायचे ते सांगायच्या आत मीटिंगची वेळ झाली. एवढ्या ज्ञानावर मी शनिवारी तज्ज्ञ होऊन निघाले.

काकूंनी रिक्षावाल्याला "कॅम्पात" एवढंच सांगितलं. कॅम्प आला तर म्हणाल्या, "अजून थोडं पुढे." असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "आजी, रेसकोर्सला जायचंय तर तसं सांगा ना. मीपण जातो की तिथे कधीमधी." काकूंनी उरलेला रस्ताभर त्याच्याकडे पाहिलं नाही.

आत गेल्यावर त्यांनी आधी बाकं तपासली. कुठे दोघांनाच बसता येईल, कुठे आडोसा आहे, सगळं बघून झालं. बाकांवर गुडघे धरून बसलेले म्हातारे होते, हातात शर्यतीचं पुस्तक आणि पेन्सिल, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाई औषधाला नाही. काकूंच्या चेहऱ्यावर निराशा दिसली असं मी शपथेवर सांगेन.

शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात तिथे आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. मी एका उमद्या काळ्या घोड्यावर भाळले. तकाकी, कान, सगळं अभ्यासक्रमाप्रमाणे.

"तो नटवा आहे," काकू म्हणाल्या. "तो चार नंबरचा बघ. खाली मान, कामाशी काम."

"काकू, तो पेंगतोय."

"आमचे हेसुद्धा असेच दिसायचे. पण ऑफिसला एक दिवस उशीर नाही."

तिकिटाच्या खिडकीवर चष्मेवाले गृहस्थ होते. मी काळ्या घोड्याचं नाव सांगितलं. "नाव नको, नंबर सांगा. आणि विन की प्लेस?" मी पुन्हा नावच सांगितलं. मागे रांग कुरकुरायला लागली. त्यांनी शांतपणे समजावलं: विन म्हणजे घोडा पहिलाच यायला हवा, प्लेस म्हणजे पहिल्या तिनात आला तरी चालतं, पण पैसे थोडे. मी ऐटीत विन घेतलं.

काकू पुढे सरकल्या. "चार नंबर. दोन्ही द्या. पहिला आला तर उत्तम, नाही आला तर अगदीच हात हलवत जायला नको."

शर्यत सुरू झाली आणि मला पहिल्यांदा कळलं की माझा आवाज एवढा मोठा आहे. अमरावतीपर्यंत गेला असेल. "धाव ना बे!" म्हणून मी कठड्यावर चढले. माझा काळा निम्म्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता, मग त्याला बहुधा स्वतःच्या रूपाची आठवण झाली आणि तो मागे पडत गेला. काकूंचा चार नंबर, तीच खाली मान, एकेकाला ओलांडत तिसरा आला.

निकाल पक्का झाल्याची घोषणा झाल्यावर आम्ही पैसे घ्यायला गेलो. काकूंनी दोन्ही तिकिटं पुढे केली. खिडकीतल्या माणसाने प्लेसचं ठेवून घेतलं, थोड्या नोटा दिल्या आणि विनचं परत सरकवलं. "हे गेलं, आजी."

काकू खिडकीसमोरून हलेनात. हातात एक तिकीट. त्यांनी ते उलटसुलट केलं. मग माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"एकच उरलं," त्या म्हणाल्या.

मलाही त्याच क्षणी उमगलं. दोन्ही तिकिटं खिशात घेऊन काका परत यायचे ते दोन्हीकडे हरून. एकच असेल त्या दिवशी थोडेसे पैसे मिळालेले असत. त्या थोड्याशा पैशांत गजरा येत असे.

"आणि एकही तिकीट नव्हतं त्या शनिवारी मिक्सर आला होता," काकू पुटपुटल्या. "बोनस म्हणाले. पोस्टात ऑगस्टमध्ये कसला बोनस!" त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. जवळच्या म्हाताऱ्याने पुस्तकातून मान वर काढून "पुढच्या रेसला भरून निघेल" असा धीर दिला.

परतीच्या रिक्षात त्या चिडलेल्या होत्या. "एकटेच होते तर मला का नाही नेलं? मी डबा घेऊन गेले असते. तीस वर्षं मी त्या बाईच्या नावाने बोटं मोडली, आणि ती जन्मालाच आली नव्हती!"

मंडईपाशी त्यांनी रिक्षा थांबवली आणि जिंकलेल्या नोटांतून मोगऱ्याचा गजरा घेतला. मला वाटलं माझ्यासाठी, म्हणून मी डोकं पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि गजरा स्वतःच्या अंबाड्यावर माळला. घरी पोचलो तर खालच्या मजल्यावरच्या बाई दारातच होत्या. त्यांची नजर काकूंच्या अंबाड्यावर खिळली. "कुठे जाऊन आलात?"

"व्याख्यानाला," काकू म्हणाल्या आणि जिना चढल्या.

घरात शिरल्यावर त्या रोजच्यासारख्या देवाच्या तसबिरीपुढे उभ्या राहिल्या. हात जोडले, पदर सावरला, गजरा नीट आहे ना ते बोटांनी चाचपलं.

"आज तुम्हाला नाही मिळायचा," त्या देवाला म्हणाल्या. "हा माझा आहे."