नत्र, स्फुरद, पालाश

मला गप्प बसता येत नाही. म्हणजे एरवी येतं, पण कुणी शास्त्रातला शब्द उच्चारला की संपलंच. दहावीपर्यंत मराठीतून शिकलो आणि अकरावीला नाशिकच्या कॉलेजात एकदम इंग्रजी पुस्तकं पुढ्यात आली. पाठ होईनात, म्हणून एकेक शब्द फोडून बघायला लागलो. ऑक्सिजन म्हणजे आम्ल जन्माला घालणारा, हे कळलं त्या दिवशी जो दिसेल त्याला अडवून सांगितलं. आपण त्याच वायूला प्राण म्हणतो आणि जर्मन त्याला आंबट म्हणतात, याचं मला कोण कौतुक! पुढे रसायनशास्त्राचा मास्तर झालो, तेव्हा ऐकून घ्यायला हक्काची पोरं मिळाली. घरच्यांची सुटका मात्र झाली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न जमत नव्हतं. एका ठिकाणी ‘मुलगा जरा जास्तच हुशार आहे’ असा निरोप आला होता आणि मी तो खरा मानून खूश झालो होतो. मग आत्याने पिंपळगावचं स्थळ आणलं. द्राक्षबागाईतदाराची मुलगी, बी.एस्सी. झालेली. फोटो बघितला आणि मला ती आवडली. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, फारच आवडली.

जाताना बसमध्ये ताईने दम भरला. “ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. तू त्यात शब्दाचं मूळ घाल. आज एकही शब्द खणायचा नाही. तिला बोलू दे.”

मी आईशपथ कबूल केलं.

पोहे आले. ती ट्रे ठेवून समोर बसली. फोटोपेक्षा छान होती. तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, “यंदा मालाला गोडी नाय. पालाश कमी पडलं बघा.” माझ्या जिभेवर पालाश आलं आणि ताईचा पाय माझ्या पायावर आला. मी पोह्यांचा मोठा घास घेतला. स्वतःचं इतकं कौतुक मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

“जा, दोघं बाग बघून या,” वडील म्हणाले.

आता ताईचा पाय नव्हता. बागेच्या तोंडाशी शेडमध्ये खताच्या गोण्या रचलेल्या होत्या आणि त्यांवर ठसठशीत अक्षरं होती, एन, पी, के, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. ती गोण्यांपाशी थांबली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, “मला तुम्हाला एक विचारायचं होतं.”

“पोटॅशियमला के का म्हणतात, हेच ना?” मी म्हणालो.

ती काही बोलायच्या आत मी सुटलो. के म्हणजे कॅलियम. ते आलं अरबी शब्दावरून, अर्थ झाडपाल्याची राख. अल्कली त्याचीच सख्खी बहीण. इंग्रजीतलं पोटॅश म्हणजे मडक्यातली राख. आणि आपले वैद्य पळस जाळून त्याच्या राखेतून क्षार काढायचे, तर हे पालाश त्या पळसाचंच असणार, अशी माझी अटकळ. म्हणजे सगळ्या जगाने चुलीत हात घालून एकच वस्तू बाहेर काढली!

ती हसली. मला वाटलं, जमलं.

“पण मला...”

“एक मिनिट, स्फुरदचं राहिलं.” फॉस्फरस म्हणजे उजेड वाहून आणणारा, स्फुरद म्हणजेही लखलखणारं. पण तो उजेड पहिल्यांदा सापडला कशात? तर आटवलेल्या लघवीत. हे मी लग्नासाठी बघायला आलेल्या मुलीला, तिच्याच बागेत, हातवारे करून सांगितलं. नत्राला हात घालणार, एवढ्यात घरातून हाक आली. नत्र राहिल्याची चुटपुट घेऊन मी परतलो.

“काय म्हणाली?” बसमध्ये ताईने विचारलं.

“तिला रसायनशास्त्रात फार रस आहे,” मी सांगितलं. पुढचा आठवडा मी हवेत होतो. मुलांना गृहपाठसुद्धा दिला नाही.

मग आत्या आली. चपला काढतानाच म्हणाली, “नाही म्हणालेत.”

“का?” ताईने विचारलं.

“अगं, त्या पोरीला एकच विचारायचं होतं,” आत्या म्हणाली. “लग्नानंतर एम.एस्सी. करू द्याल का, म्हणून. बागेत विचारायला गेली, तर जमलंच नाही म्हणे. म्हणाली, इथे एक प्रश्न पुरा करता येईना, तिथे शिक्षण कसं पुरं होणार?”

“अगं, हो म्हणालो असतो मी!” मी जवळजवळ ओरडलोच. “फी भरली असती. माझी पुस्तकं दिली असती. रोज कॉलेजला सोडलं असतं.”

“मग तोंडाने बोलायचंस की तसं,” आत्या म्हणाली.

ताईने भाजीची जुडी पुढ्यात ओढली आणि निवडायला घेतली. “बोलतच तर होता,” ती म्हणाली.