बुरजावरून दिसलेल्या आत्याबाई

आधी माझ्या थोरल्या जावेचं सांगते, मग काय झालं ते. तिला मी अक्का म्हणते. अक्का नसती तर मी अजूनही गडावरच्या टेहळणी बुरजावर बसलेली असते, आणि रविवारी येणाऱ्या लोकांनी मला जुनी तोफ समजून माझ्यावर हात ठेवून फोटो काढले असते.

मी परभणीकडची. आठवीतच शाळा सुटली, पुढं लग्न होऊन इकडं वेल्ह्याच्या डोंगरात आले. आमच्या गावात सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी, तीही बहुतेक कोरडी. जमीन इतकी सपाट की म्हैस हरवली तरी संध्याकाळपर्यंत दिसत राहते. मार्गासनीला सासरच्या अंगणात उभी राहिले, समोरचे डोंगर बघितले आणि मागं सरून भिंतीला टेकले.

त्यात सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, लग्न ठरतानाच चारचौघांत बोलून ठेवलं होतं की सपाटीवरची पोरगी हितं टिकायची न्हाई. त्यामुळं मी पायरी चढताना सुद्धा टिकून दाखवत होते.

या घरची रीत अशी, की नव्या सुनेनं गडावरच्या देवीची ओटी भरायची, मग बुरजावर जाऊन आपलं घर शोधायचं आणि त्याला हात जोडायचे. घर दिसलं की सून घरची झाली. ओटी नीट झाली. बुरूजही चढले, कारण चढताना मला फक्त नवऱ्याच्या टाचा दिसत होत्या. वर गेल्यावर त्यांनी हौसेनं दाखवलं, इकडं भोर, त्या डोंगरापलीकडं पानशेत, आणि ते पत्र्याचं चमकतंय ते आपलं घर. मी हात जोडले. घरची झाले. मागं वळले, तर उतरायच्या दगडी पायऱ्या. एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

मी खालीच बसले.

हे म्हणाले, चढलीस तश्शीच उतरायचं. मग धीर द्यायला म्हणून बुरजाचा इतिहास सांगायला लागले, इथून किती लांबचं दिसायचं, पहारेकरी कुठं उभे राहायचे. पहारेकरी उतरायचे कसे, हे काही त्यांना सांगता येईना. तोवर पुण्याची पोरं जमली. एकानं मोठा श्वास घ्यायला सांगितलं, एकानं चॉकलेट दिलं. तिसरा बराच वेळ मोबाईल धरून उभा होता. मला वाटलं, कुणाला तरी मदतीला बोलावतोय. तो म्हणाला, "ताई, जरा इकडं सरकता का? मागचा डोंगर झाकतोय." सरकता आलं असतं तर मी घरीच नसते का गेले?

अक्का बुरजाच्या पायथ्याशी ताक विकत होती. दर रविवारी पहाटे ती ताकाची कळशी डोक्यावर घेऊन गड चढते, आणि काकड्या-लिंबांची पाटी घेऊन आत्याबाई मागनं येतात. गलका ऐकून ती वर आली, माझ्याशेजारी बसली आणि खाली बोट दाखवलं.

"शत्रू लांबनं दिसावा म्हणून बांधलाय गं ह्यो बुरूज. बघ, दिसतोय का."

खालच्या वाटेवर एक हिरवा ठिपका वर सरकत होता. डोक्यावर पाटी होती. त्या आत्याबाई होत्या. आत्याबाईंनी मला अशी बसलेली बघितली, की चारचौघांतलं बोलणं खरं ठरणार, आणि मी जन्मभर सपाटीवरचीच राहणार. आमचे हे कठड्याशी उभे राहून खऱ्या पहारेकऱ्यासारखी वर्दी द्यायला लागले. आई गडाच्या दरवाजात आली. आई कुणाला तरी टोपी घाला म्हणून सांगतीय. आई पाण्याच्या टाक्यापाशी आली.

अक्कानं मला एकच विचारलं. "तुमच्याकडं पाणी कुठनं आणता?"

"लांबून. डोक्यावर."

"सांडतं?"

त्या हालतीत सुद्धा मला राग आला. "एक थेंब न्हाई."

ती उतरली आणि कळशी घेऊन आली. पदराची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली, वर कळशी. "ऊठ. सांडलं तर आजचा धंदा बुडाला."

मी उठले. डोक्यावर भरली कळशी आली की मान ताठ होते, खाली बघताच येत नाही, आणि पाय आपोआप विहिरीच्या वाटेनं निघाल्यासारखे चालतात. लहानपणापासूनची सवय. समोर नुसतं आभाळ होतं. पुढं अक्का. मधेच एकानं ताक कसं दिलं म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, "दुकान उतरतंय. खाली या."

शेवटच्या पायरीशी आत्याबाई उभ्या होत्या, धापा टाकत. त्यांनी मला बघितलं, कळशी बघितली आणि अक्काकडं वळल्या.

"वटी भराय आणलेल्या पोरीच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी वझं दिलंस व्हय गं? लाज न्हाई वाटली?"

आमचे हे खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तोच अक्कानं ह्यांच्याच हातात ताकाचा पेला दिला. पिण्यात तोंड गुंतलं. मग ती खाली बघून म्हणाली, "चुकलं, आत्याबाई."

आत्याबाई दिवसभर येईल त्याला सांगत होत्या, सपाटीवरची हाय, पण कळशी घेऊन बुरूज उतरती. तेव्हापासून दर रविवारी कळशी माझ्याच डोक्यावर असते. ताक संपलं की मी टाक्यातलं पाणी भरून घेते. मोकळ्या डोक्यानं मला अजून गड उतरता येत नाही. आत्याबाईंना वाटतं, सून कष्टाळू आहे.

अक्कानं ती बोलणी निमूट खाल्ली आणि आजपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. तिला मात्र लिफ्टची भीती आहे. पुण्याच्या दवाखान्यात भाचीचं बाळ बघायला गेलो, तर ही जिन्यानंच वर गेली. म्हणे, पेटीत घालून वर न्यायला माणूस काय ट्रंकंतलं सामान हाय? वर पोचल्यावर नर्सनं बाळंतिणीच्या आधी हिलाच खुर्ची दिली.

एक दिवस मी अक्काला लिफ्टनं वर नेणार. पाय उचलला नाही, तर डोक्यावर चुंबळ ठेवून भरली कळशी देणार. लोक हसले तर हसू देत. आणि आत्याबाईंनी विचारलं, की दवाखान्यात कळशी कुणी नेली, तर मी खाली बघून म्हणणार, चुकलं, आत्याबाई.