सीटमधला उंदीर

त्या सीटमध्ये उंदीर नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांनाही नाही. मलकापूरला हायवेच्या कडेला आमचं गाड्यांचं शोरूम आहे, मागं वर्कशॉप. तिथं नवीन मेकॅनिक लागला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला उंदराची गोष्ट सांगतो आणि सगळे हसतात. मीही हसतो. ती गोष्ट ज्यांच्या नावाला चिकटली आहे, त्या माणसाविषयी आज लिहितो.

आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. गाडीतलं विजेचं सगळं काम त्यांच्याकडं. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटक, मान थोडी पुढं आलेली; आयुष्यभर डॅशबोर्डखाली डोकं घालणाऱ्यांची येते तशी. इतरांच्या खिशात पेन असायचं, त्यांच्या खिशात कापसाचा पुंजका. आमच्याकडं कापूस शोधायला जावं लागत नाही. जिनिंगला जाणाऱ्या ट्रकांतून उडून तो रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेला असतो. मिस्त्री कामावर येता येता तोडून आणत.

तो कशासाठी, ते सांगतो. आजकालच्या भारी गाड्यांत व्हेंटिलेटेड सीट येते. वरच्या कापडाला बारीक बारीक भोकं, खाली एक छोटा पंखा, बटण दाबलं की पाठीला वारा. आमच्याकडं तिला ‘थंडी सीट’ म्हणतात. अशी गाडी तक्रारीला आली की मिस्त्री चिमूटभर कापूस सीटवर ठेवायचे, बटण दाबायचे आणि लहान लेकराच्या पाळण्यात डोकवावं तसे वाकून बघायचे.

"श्वास घेऊन राह्यली का पाहू."

कापूस थरथरला की मान हलवायची. नाही थरथरला तर म्हणायचे, "हिचं नाक दबलं."

बहुतेक वेळा नाक खुद्द मालकानंच दाबलेलं असायचं. कुणी त्या सीटवर रेक्झिनचं जाड कव्हर शिवून घेतलेलं, कुणी पुढाऱ्यासारखा पांढरा टॉवेल अंथरलेला. शेगावचे एक शिक्षक होते. त्यांनी शोरूममधून गाडी नेली तशी, सीटवरचं प्लास्टिक न काढता, वर्षभर वापरली. घाण होऊ नये म्हणून. वर तक्रार, की पैसे भरले थंड सीटचे आणि बसल्यावर पाठ चिकटते. आम्ही सगळे तोंड फिरवून हसत होतो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी गुरुजींना हाताला धरून गाडीजवळ नेलं आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, रेनकोट घालून आंघोळ करून राह्यले तुमी." मग गुरुजी स्वतःच हसले आणि प्लास्टिक त्यांनी स्वतःच्या हातानं फाडलं. घडी करून घरी मात्र नेलं.

कापसावर भागलं नाही तर मिस्त्री स्वतः बसायचे. एसी बंद, काचा बंद, गाडी उन्हात. दहा मिनिटं. का, तर एसी चालू असला की सगळंच थंड लागतं, सीटचं खरं-खोटं कळत नाही. "मशीन खोटं बोलते साहेब, पाठ नाही बोलत," असं ते म्हणत. दहा मिनिटांनी उतरले की आमच्याकडं पाठ करून उभे राहत. शर्टावर घामाचे डाग आणि मध्ये कोरडे पट्टे. "पाहा, नकाशा." कोरडं तिथं वारा, ओलं तिथं बिघाड. त्यांच्या हातून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली नव्हती. हे ते कधी बोलून दाखवत नसत, पण दुसरं कुणी बोललं की हातातलं काम थांबवून ऐकत.

आता माझं.

मी तिथं सर्व्हिस अॅडव्हायझर. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, जॉबकार्डावर लिहायची, काम करून घ्यायचं आणि गाडी परत करायची. एका जिनिंगवाल्या शेठची नवी गाडी आली. ड्रायव्हरच्या सीटखालून घूं घूं आवाज येतो, एवढंच म्हणणं. वार गुरुवार. गुरुवारी दुपारनंतर मिस्त्री शेगावला दर्शनाला जायचे, त्यांची ती नेहमीची रजा. शेठ गाडी सोडून जायला तयार नाहीत, दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन घड्याळ बघतात. मॅनेजरनं त्या महिन्यात मला गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून दोनदा केबिनमध्ये बोलावलं होतं. तिसऱ्यांदा बोलावलं तर काय, ते मला माहीत होतं.

मी गाडीच्या मागच्या दारानं आत शिरलो, सीटखाली हात घातला. पंखा हाताला लागला. माझ्या खिशात ते पिवळं मऊ फडकं होतं, गाडी देताना काच पुसायला फक्त आम्हा अॅडव्हायझरना मिळायचं तसलं. त्याची चौघडी केली आणि पंख्याच्या तोंडाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं आत कोंबलं. आवाज गेला. शेठ बसले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "वा. याले म्हणतात काम." संध्याकाळी फडकं काढून टाकू, असं मी म्हणालो असेन मनात. पण गाडी तर गेली होती.

आठ दिवसांत ती परत आली. आवाज नाही, पण सीट थंड होत नाही.

मिस्त्रींनी कापूस ठेवला. हलला नाही. त्यांनी फ्यूज बघितला, बटण बघितलं, वायर बघितली. मग माझ्याकडं आले. "पंखा तं चालून राह्यला साहेब. पण आवाज दबका हाये. सीट खोलू द्या."

"नको," मी म्हणालो. "खाली एअरबॅगची वायर आहे. आणि शेठला गाडी पाचला पाहिजे."

वायरचं खरं होतं. पण ती वायर त्यांनी शंभर वेळा सोडवून जोडली असेल, आणि हे मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. क्षणभर माझ्याकडं बघून ते "बरं" म्हणाले.

शेठच्या गाडीच्या वॉशिंगच्या निमित्तानं मी एकदा ते फडकं काढायचा प्रयत्नही केला. दोन बोटं पोचली, कापडाची कड लागली, पण निघेना. मी फारच आत कोंबलं होतं. आता सीट उचलल्याशिवाय ते निघणार नव्हतं, आणि सीट उचलायची तर जॉबकार्ड, मिस्त्री, चार माणसं.

थंड होत नाही म्हणून गाडी दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. मिस्त्रींनी दोन्ही वेळा विचारलं, "सीट खोलू द्या साहेब." मी दोन्ही वेळा नको म्हटलं. ही विचारणा तोंडी, जॉबकार्डावर मी ती कधी चढवली नाही.

तिसऱ्या खेपेला ते स्वतः सीटवर बसले. मे महिना. मलकापूरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. बंद काचेमागं मिस्त्री ताठ बसलेले, हात मांडीवर, नजर समोर. मी माझ्या गार केबिनच्या काचेतून बघत होतो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ते उतरेनात. त्यांना वाटत होतं आपलीच पाठ चुकतेय. मला उठून वीस पावलं चालायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी पाण्याचा ग्लास भरून एकाच्या हाती बाहेर पाठवला.

वीस मिनिटांनी उतरले. पाठ वळवून उभे राहिले. सगळा शर्ट ओला. "आज नकाशा नाही साहेब," म्हणाले, "नुसता समुद्र."

चौथ्यांदा शेठ आले ते थेट मॅनेजरकडं गेले. मी त्या दिवशी एक गाडी पोचवायला खामगावला गेलो होतो. मॅनेजरनं मिस्त्रींना सीट उघडायला सांगितली, आणि मी परत आलो तेव्हा केबिनमध्ये शेठ, मॅनेजर, मिस्त्री आणि टेबलावर एक पत्र्याचा ट्रे. मला आत बोलावलं.

ट्रेमध्ये पिवळ्या चिंध्या होत्या. बारीक, कुरतडल्यासारख्या, त्यात कापूस मिसळलेला.

"उंदीर," मिस्त्री म्हणाले. "घर केलं होतं बाप्पा त्यानं. पंख्याच्या तोंडातच."

मी चौघडी घातलेलं, आख्खं फडकं कोंबलं होतं. उंदीर त्याच्या जवळही गेलेला नव्हता. कापूस कुणाच्या खिशातला, हेही मला दिसत होतं. मिस्त्रींनी फडकं बाहेर काढलं, ओळखलं, आणि कुणी यायच्या आत बसून त्याच्या चिंध्या केल्या होत्या. त्यांना वाटलं असणार, उंदराला कोण नोटीस देतं? गोष्ट तिथंच मिटेल.

मिटली नाही. शेठचा चेहरा बदलला. "माह्या घरी उंदीर? पोर्चातली फरशी पाह्यली का कधी तू? तिथं मुंगी नाही दिसत."

"तसं नाही शेठ. उंदीर कुठूनबी येते."

"अन् तीन खेपा गाडी इथी आली, तवा नाही दिसला तुले? काय पाहात होता? झोपा काढत होता?"

मॅनेजर नाशिकचे, शांत बोलणारे. त्यांनी विचारलं, "खरंच, मिस्त्री. तीन वेळा गाडी आली. सीट का नाही उघडली?"

याचं उत्तर त्या खोलीत दोघांजवळ होतं. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते ट्रेकडं बघत म्हणाले, "चुकलो साहेब. नाही आलं ध्यानात."

मी जॉबकार्डाची फाईल छातीशी धरून उभा होतो. मॅनेजर मला म्हणाले, "तुम्ही जा, शेठजींना चहा सांगा." मी चहा सांगायला गेलो.

शेठला तो माणूस पुन्हा आपल्या गाडीजवळ नको होता, आणि शेठच्या घरच्या सगळ्या गाड्या आमच्याकडं. मिस्त्रींना वॉशिंगवर टाकलं. वर्कशॉपला मजा आली. पाण्याचा पाइप धरून ते उभे असले की कुणीतरी ओरडायचं, "ओ मिस्त्री, पाहा बे, टायरात गेला वाटते उंदीर." ते मान वर करून नुसते हसायचे. पंधरा दिवसांनी एकदा माझ्यासमोर दोन्ही हात धरून म्हणाले, "बोटं फुगून राह्यली साहेब. वायर हाताले लागत नाही." दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

मेहकर त्यांचं गाव. तिथं बसस्टँडजवळ त्यांनी एक टपरीवजा दुकान टाकलं, दुचाक्या, ट्रॅक्टरचे दिवे, बॅटऱ्या. दोन वर्षांनी मी मुद्दाम गेलो. सांगायचं ठरवून गेलो. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, माझ्या मुलीची बारावी विचारली. नव्या गाड्यांत सीट कशा येतात, पंखा एक की दोन, बारकाईनं विचारलं. मी सगळं सांगितलं, एक सोडून. उठताना त्यांनीच विषय काढला, हातातल्या बल्बच्या होल्डरकडं बघत.

"तो उंदीर गेला का साहेब मंग?"

आता वाटतं, दार उघडून धरलं होतं त्यांनी. मी म्हणालो, "गेला, मिस्त्री."

"हाव," ते म्हणाले. "बरं झालं."

या चैत्रात ते गेले. झोपेतच. मी तेरवीला गेलो. पंगतीत त्यांच्या नात्यातला कुणी तरी, दुःख हलकं करायला म्हणून असेल, उंदराची गोष्ट काढली. मेहकरलाही ती पोचली होती. तिथंही त्यांना उंदीरवाले मिस्त्री म्हणत. लोक हसले. मी पानावरची बुंदी चिवडत होतो.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तर त्यांची बायको पाण्याच्या ड्रमजवळ उभी. मी ‘वहिनी’ म्हणून नमस्कार केला. त्यांनी तांब्या पुढं केला आणि आवाज बारीक करून विचारलं,

"भाऊ, तुमी तवा तिथंच होते ना? तीन खेपा गाडी आली अन् ह्यायले दिसलं नाही, हे मले आजपावतर पटलं नाही. घरातला बल्ब गेला तं पंख्याची वायरबी पाहून घेत हा माणूस. मी लय खेपा विचारलं. म्हणे, जाऊ दे ना. तुमी सांगा. खरंच नाही का हो पाह्यलं त्यायनं?"

मी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. "होतं वहिनी असं कधी कधी," मी म्हणालो. "नजरेतून सुटतं."

त्यांनी तांब्या ड्रमवर ठेवला. मग म्हणाल्या, "मंग खरंच असंन," आणि आत गेल्या.

मी अजून त्याच शोरूममध्ये आहे. आता हाताखाली तीन अॅडव्हायझर आहेत. मेहकरची बस रोज आमच्या समोरून जाते. मिस्त्रींनी तीन वेळा सीट उघडू द्या म्हटलं होतं आणि तिन्ही वेळा मी नको म्हटलं, हे त्यांच्या बायकोला तिच्या दारात जाऊन सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.