बापू मेला रे मेला!

पत्रकारितेत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. बातमी छापून आली की संपते. किस्से कुणी छापत नाही, म्हणून ते उरतात आणि वाढत जातात. माझ्याकडे सर्वात जास्त साठा आमच्या सकाळच्या कबड्डीचा आहे.

हो, कबड्डीचा! भिसेगावच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही साठी उलटलेले लोक रोज सकाळी कबड्डी खेळतो. 'साठी बुद्धी नाठी' असं कुणी तोंडावर म्हटलं तर माझं डोकं फिरतं. ही म्हण ज्यानं काढली तो नक्की दुपारी जेवून झोपत असणार!

पंच आहेत सुमनताई. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आवाज अजून तसाच. पहिल्याच दिवशी त्यांनी पकडीवर बंदी घातली. धरायचं नाही, ओढायचं नाही. हातात हात घालून साखळी करायची आणि चढाई करणाऱ्याची वाट अडवायची, बस.

कापडाचं दुकान असलेले आमचे हसनभाई भडकले. "सुमनताई, पकडीशिवाय कबड्डी म्हंजे मीठ नसलेली बिर्याणी!"

"बिर्याणीत मीठ जास्त झालं तर बीपी वाढतो, हसनभाई. खेळा!"

*

आमच्याकडे शनिवार-रविवार फार्महाऊसवाले येतात. त्यातले एक साहेब मैदानाच्या कडेला उभे राहिले. मनगटावर घड्याळ, ते दर थोड्या वेळानं पीं-पीं करायचं.

"काका, तुमच्या रोज किती स्टेप्स होतात?"

"आमी मोजत नाय," हसनभाई म्हणाले. "घरला पोचलो की पुरल्या समजायच्या."

साहेबांनी आम्हाला ज्ञान दिलं. म्हणे मेंदू तल्लख राहावा म्हणून ते रोज मोबाईलवर कोडी सोडवतात.

"कुठं बसून?" हसनभाईंनी विचारलं.

"सोफ्यावर."

"म्हंजे डोकं पळवताय आनि अंग बसवताय! दोघं एकाच घरात राहतात, शेठ!"

साहेब इरेला पेटले. बूट काढले, घड्याळ काढलं, चढाईला आले. 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका दमात समोरच्यांना शिवून परतायचं असतं. साहेबांचं 'कबड्' स्वतःच्याच हद्दीत झालं, 'डी' मध्यरेषेवर अडकलं आणि तिथंच खोकला लागला! पण माणूस जिद्दीचा. आता दर आठवड्याला येतो. घड्याळ गाडीत ठेवून.

*

आमच्या गावठी कबड्डीत बाद झालेल्याला 'मेला' म्हणतात आणि परत आत घेतलं की 'उठला'. लहानपणापासून हेच शब्द तोंडात. त्यावरून झालेला घोटाळा ऐका.

बापू आमचा हुकमी चढाईवाला. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मुलगा ठाण्याला. बापू सहसा बाद होत नाही. एकदा झाला, तर हसनभाई आनंदानं नाचत सुटले, "बापू मेला रे मेला!"

रस्त्यानं दूधवाला चालला होता. त्यानं मोटरसायकल वळवली आणि ही बातमी घरोघरी दिली! माझ्या पेपरला असला वार्ताहर कधी मिळाला नाही.

आम्ही टपरीवर चहा पीत बसलो होतो. समोर रिक्षा थांबली. शेलूहून बापूची बहीण पदर तोंडाला लावून, हंबरडा फोडत उतरली. बापूच्या हातात बशी. तो काळजीनं पुढं झाला, "कोन गेलं गं?"

बहिणीनं वर बघितलं. आधी हातातली पिशवी त्याच्या पाठीत घातली आणि मग ओरडली, "मेल्या, जिवंत हायस आनि कळवत नायस!"

*

पुढचा किस्सा घडला तेव्हाही आम्ही हसलो होतो.

बापू झकास चढाई करून मध्यरेषेपर्यंत आला आणि थबकला. मग रेषा ओलांडून शिवायला सरळ माझ्याच अंगावर आला. मी त्याच्याच संघात!

"बापू, आपलाच हाय रं तो!" हसनभाई ओरडले.

बापूही हसला. पण त्याच आठवड्यात तो रोजच्या वाटेनं घरी निघाला आणि वाट चुकला. मग कुणी हसलं नाही.

आम्ही सगळेच त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"रिटायर झालोय. मला सगळे रविवारच!"

बाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आंबा, खुर्ची, नदी. थोडं इकडचं तिकडचं बोलून परत विचारलं. "आंबा," बापू म्हणाला. मग बोटं मोजत पुढचे दोन शोधू लागला.

मागून हलकेच आवाज आला, "खुर्ची..."

"हसनभाई, परीक्षा तुमची नाही!"

"आमी एकाच टीमचे, डॉक्टर!"

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. बाई स्पष्ट बोलल्या. "विस्मरणाचा आजार आहे, सुरुवात आहे. पूर्ण बरा होईल असं मी सांगणार नाही. पण बीपी, शुगर सांभाळा, झोप पुरी होऊ द्या. अंगाला आणि डोक्याला काम द्या, माणसांत ठेवा. याचा उपयोग होतो. काहीही करा, पण यांना बसवून ठेवू नका."

जिना उतरताना बापूनं माझा हात धरला. "शेवटचं नदी व्हतं ना रं?"

*

बापूचा मुलगा नितीन आला तो गाडी घेऊनच. बाबांना ठाण्याला नेतो म्हणाला. तिथं अकराव्या मजल्यावर फ्लॅट, दाराला सेफ्टी कुलूप, सोबतीला टीव्ही.

"त्याला आता घराबाहेरच सोडणार नाहीस?" मी विचारलं.

"काका, हरवले तर? पडले तर?"

"हरवला तर शोधू, पडला तर उचलू! बसवलास तर काय करशील?"

मंत्र्याशीही मी कधी इतक्या चढ्या आवाजात भांडलो नव्हतो. उपयोग झाला नाही. बापू गेला. आमच्यात चढाईला जायला कुणी तयार होईना.

महिन्याभरानं घराच्या कामासाठी नितीन त्याला दोन दिवस घेऊन आला. बापू पार मंदावला होता. टपरीवर बसला, पण चहा निवून गेला तरी बशीत ओतला नाही. नितीनच काळजीत म्हणाला, "दिवसभर खिडकीशी बसतात. बोलतच नाहीत."

मी तोंड उघडणार, इतक्यात सुमनताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. पत्रकारितेत प्रथमच!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला परत निघायचं होतं. बापूची बॅग डिकीत चढली होती. हसनभाईंनी गाडीसमोर उभं राहून नितीनला गळ घातली, "एक डाव खेळू दे रं बाबा. आनि एक गडी कमी हाय, तूपन ये."

बापूनं नितीनकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "हे पाव्हणं कोन?"

नितीननं ते ऐकलं. तो पलीकडच्या संघात जाऊन उभा राहिला.

बापू आमच्याकडून कोपऱ्यात उभा राहिला, कुणी न सांगता, त्याच्या नेहमीच्या जागी. गुडघे वाकवले, डोळे समोरच्याच्या पायांवर.

नितीन चढाईला आला. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." पोरगा शाळेत चांगला खेळायचा, अंगात अजून होतं ते. आमच्या आतल्या रेषेपलीकडे एक पाय टाकून बोनस गुण घ्यायला तो पुढं सरकला.

आणि बापू गरजला, "डाव्या पायावर ध्यान ठेवा त्याच्या! बोनसला डावाच टाकतो. शाळेपासनं सांगतोय, पन आयकल तर माझा नितीन कसला!"

नितीन होता तिथं थांबला.

सुमनताईंनी शिट्टी मारली. "दम तुटला! नितीन बाद!"

तो मैदानाबाहेर गेला, गाडीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. मग त्यानं डिकी उघडली, बॅग काढून हसनभाईंच्या हातात दिली आणि परत रेषेपाशी आला.

"बाबा, मग कुठला पाय टाकू?"

"उजवा रं, उजवा! आनि उद्या बूट काढून ये!"