व्याह्यांचं पहिलं इंजिन

आमच्या व्याह्यांएवढा येडा माणूस रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत सगळा किनारा पायी तुडवलात तरी तुम्हाला दुसरा मिळायचा नाही. मी सातवी नापास माणूस, जन्म भातशेतीत गेला, गोड शब्द शोधत बसायची मला सवय नाही. येडा म्हणजे येडाच. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो आणि ते खूश होतात, यावरून काय ते समजा.

माझ्या धाकट्या मुलीचे हे सासरे. थळच्या खत कारखान्यात वायरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खिशातला टेस्टर अजून निवृत्त झालेला नाही. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत दोन तरी प्लगात टेस्टर घालून बघतात. माझ्या पोरीला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात तशीच धरून आमच्या मीटरपाशी जाऊन उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पण तुमच्या घराला अर्थिंग नाही." झालं! एवढ्यावर सोयरीक ठरली. आमची ही आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसत होती. लग्नात तर मंगलाष्टकं सुरू झाली तरी नवऱ्या मुलाच्या बापाचा पत्ता नाही. शोधतो तर गृहस्थ फेटा बांधून शिडीवर, मांडवातल्या वायरी तपासतायत. "अहो व्याही, खाली उतरा, अक्षता पडतायत!" मी ओरडलो. "वरनंच टाकतो," ते म्हणाले, आणि टाकल्या खरंच.

दुसरी खोड खोबरेल तेलाची. समुद्र त्यांच्या घरापासून हाकेवर. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक, कोयत्याला आणि बिजागरीला आम्हीही तेल लावतो. पण यांच्या खिशात टेस्टरच्या शेजारी चपटी बाटली असते. कडी, कुलूप, सायकल, छत्रीच्या काड्या, देवघरातली घंटा. विहीणबाई म्हणतात, "मी थोडा वेळ एका जागी बसले तर मलापण लावतील." त्यांच्या दारातून आत गेलात की खोबऱ्याचा वास येतो. पाव्हण्यांना वाटतं, आज काहीतरी गोडाधोडाचं आहे. नसतं काहीच.

आता मूळ गोष्ट. कारखान्यात असताना कुठल्याशा साहेबाच्या केबिनमध्ये एक कॅलेंडर होतं. त्याच्या एका पानावर स्वित्झर्लंडची गाडी. बर्फाचा डोंगर, दगडी पूल आणि पुलावर विजेचं इंजिन. महिना बदलला तरी यांनी त्या साहेबाला पान उलटू दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी शाल-नारळ घेतला, यांनी ते पान मागून घेतलं. आणि घरी आल्यावर माळ्यावर चढून ती गाडी बांधायला घेतली. खेळातली म्हणा, पण खेळातली म्हटलेलं त्यांना खपत नाही. "मॉडेल," ते म्हणतात, "सत्त्याऐंशी पट लहान, बाकी सगळं खरं."

बघण्यासारखं काम, ते मात्र मान्य करतो. थर्माकोल आणि नारळाच्या सोडणाचे डोंगर, काथ्याची झाडं, वाळूत शिंपल्यांचा चुरा घालून केलेला बर्फ. बोटभर रुंदीचे रूळ सगळ्या माळ्याला वळसा घालून मधल्या खांबाभोवती गर्रकन वळतात, कारण खांब काढला तर घर खाली येईल. जळलेल्या मोटारीची तांब्याची तार सोलून त्यांनी रुळांवरची वीजतारसुद्धा ताणली होती. मी विचारलं, वीज खालून रुळातून देता तर वर तार कशाला? म्हणाले, "व्याही, तार नसताना इंजिनाने टपावरचा दांडा उघडून धावणं म्हणजे उन्हापावसाविना छत्री उघडून फिरणं. लोक काय म्हणतील?" कुठले लोक? माळ्यावर चढायला तयार असलेला माणूस मी एकटा!

आणि या सगळ्यात इंजिनच नव्हतं. दोन वर्षं रूळ आहेत, पूल आहे, बोगदा आहे, सिग्नल लाल-हिरवा होतोय, पण गाडी नाही. हे साबणाची डबी रुळावर ठेवून बोटाने ढकलायचे. मी म्हणायचो, "अहो, मिळेल ते इंजिन आणा की एखादं." तर म्हणायचे, "पहिलं इंजिन एकदाच येतं. चुकून चालणार नाही."

मागच्या दिवाळीनंतर आमची ही गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी घर रिकामं. मी बाहेर पडायचं बंद केलं. तिची लोखंडी पेटी होती, तिला कुलूप घातलं आणि चावी भिंतीवर टांगली, परत हात लावला नाही. कोण भेटायला आलं तर मी सरळ सांगायचो, बोलायला काही नाही, चहा प्या आणि जा. सगळे जायचे. व्याही काही जायचे नाहीत. आमच्या घराला त्यांनी याच वर्षी अर्थिंग करून दिलं. अंगणात खड्डा खणून, त्यात मीठ-कोळसा भरून, मला विचारल्याशिवाय.

मग एका रविवारी सकाळीच रिक्षा घेऊन दारात. "व्याही, सदरा घाला. बघायला जायचंय."

"कुणाला?"

"इंजिन. जावईबापू कंपनीच्या कामाला स्वित्झर्लंडला गेलेत तुमचे. येताना एक आणणार. एकच. बघायला दोन माणसं लागतात, एकट्याने बघायची पद्धत नाही."

स्वतःच्या मुलाला ते माझ्यासमोर 'जावईबापू तुमचे' म्हणतात, तेही सोडून द्या. थळला गेलो तर माळ्यावर सतरंजी अंथरलेली, विहीणबाईंनी कांदेपोहे केलेले आणि भिंतीवर तीन फोटो. एक हिरवं, एक लाल, एक तपकिरी. व्याही गुडघ्यांवर बसून एकेकीची माहिती सांगायला लागले. हिरवं लांबलचक, सहा आसांचं, तोंडावर चांदीच्या पट्ट्यांच्या मिशा. "घराणं मोठं आहे, पण अंगाने ताठ. खांबाजवळच्या वळणावर अडून बसेल." लाल आटोपशीर, कुठेही वळेल, कुरकुर नाही. मोबाइलवर त्यांचा एक शौकिनांचा ग्रुप आहे, जगभरची म्हातारी पोरं आहेत त्यात. त्या सगळ्यांचं म्हणणं एकच, पहिलं इंजिन लालच घ्या. तपकिरीची पाळी आली तर व्याह्यांनी नुसता चष्मा पुसला.

"आणि ही तिसरी?" मी विचारलं.

"ती नको. तिला तिकडे मगर म्हणतात. फार नाजूक काम. चाकांना बाहेरून दांडे, दांड्यांना बारीक स्क्रू. नवख्याने हात लावू नये असं सगळे सांगतात."

पण सांगताना त्यांचा आवाज असा झाला, जसा डॉक्टरने गोड बंद केलेल्या माणसाचा पुरणपोळीबद्दल बोलताना होतो. मी बशी खाली ठेवली आणि फोटोजवळ गेलो. दोन्ही बाजूंना लांब सोंड, मध्ये पेटी, खाली चाकांना जोडणारे दांडे. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "अवो, ह्यो तं खेकडा हाय!"

"काय म्हणालात?"

"खेकडा. घाटातला. आमच्या हिचं माहेर कर्जतच्या घाटाखाली. तिचा बाप रुळावर कामाला होता. खेकडा इंजिन गाडी घेऊन घाट चढायचं तवा कण्हायचं म्हणं. ती पोरांना निजवताना तस्सा आवाज काढायची."

व्याही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी साक्षात त्या कॅलेंडरातून उतरून आलोय. मग एकदम सुटले. "व्याही! अहो, ही तर बहीण-भावंडं! घाटात चालणारे पहिले खेकडे स्वित्झर्लंडातच बांधले होते! सोंड बघा, दांडे बघा! आणि ही मगर मध्येच वाकते, तीन तुकडे सांध्यावर जोडल्यासारखी. घाटातल्या वळणांसाठीच केली तिला. माझ्या खांबाला ही वळणार! हिरवी नाही वळणार, ही वळणार!" माळ्यावर उभं राहायला जागा नाही, तरी ते उभे राहिले आणि वाशावर डोकं आपटलं. खालून विहीणबाईंचा आवाज आला, "लागलं का हो?" हे म्हणाले, "हो! हीच! ठरलं!"

"माझ्या पोरीला अर्ध्या बशीत पसंत केलीत," मी म्हणालो, "आन हिला दोन वर्सं लागली."

"मुलगी बघताना पोहे द्यायला वहिनी समोर आल्या होत्या," ते म्हणाले. "त्यांच्याकडे बघितल्यावर मुलीचं काय विचारायचं?" पुढे बराच वेळ मी खाली मान घालून पोहे खाल्ले. संपले होते तरी.

पुढचे तीन आठवडे आमचे व्याही जमिनीवर नव्हते. सकाळ-संध्याकाळ फोन. "व्याही, आज तिकडे दुकानातून घेतली." "व्याही, हातातल्या बॅगेत ठेवायला सांगितलीय, खालच्या बॅगेत नाही." "व्याही, विमानात बसली." जावई बसला की नाही, ते सांगायचं राहून गेलं. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा फोनची वाट बघायला लागलो होतो.

इंजिन आलं त्या दिवशी माळ्यावर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. स्पंजाच्या गादीतून व्याह्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, जसं बारशाला पोर उचलतात. काय देखणं! हाताच्या वितीपेक्षा थोडं मोठं, आणि एकेक पायरी, एकेक कठडा, ड्रायव्हरच्या खिडकीला काच. रुळावर ठेवलं. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं, बटण फिरवलं.

ढिम्म.

आणखी फिरवलं. दिवे लुकलुकले, इंजिन एकदा शहारलं, चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि थांबली. अर्धा तास हाच प्रकार. पुढे ढकललं तर वीतभर जायचं आणि परत रुसायचं. व्याह्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी बटणावरून हात काढून म्हणाले, "सगळे सांगत होते लाल घ्या. मी ऐकलं नाही. दोन वर्षं थांबलो आणि चुकलो." त्यांनी डबा ओढून घेतला आणि इंजिन परत गादीत ठेवायला लागले.

खेकड्याचं नाव मी काढलं होतं, आणि तेही हिच्या आठवणीवरून. तिच्या नावाने आलेली वस्तू डब्यात जाऊन माळ्यावर पडणार? मी रागाने रुळावर बोट फिरवलं. का फिरवलं माहीत नाही, शेतकऱ्याचा हात आहे, बघायचं म्हणजे चाचपायचं. बोट चिकट. नाकाशी नेलं.

"व्याही," मी म्हणालो, "रुळांना काय लावलंत?"

"काही नाही. नेहमीचंच. रोज..." आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या बाटलीवर गेला.

दोन वर्षं! रोज सकाळी, खाऱ्या हवेने रूळ गंजू नयेत म्हणून. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या वायरी तपासल्या, त्याने स्वतःच्या रुळाला खोबरेल पाजून वीज आणि चाक दोन्हीचा रस्ता बंद केला होता. जावई, मुलगी, विहीणबाई सगळे जिन्यात उभे राहून हसले. व्याही हसले नाहीत. त्यांना आता उमेद आली होती.

थिनरची बाटली आली. पण पुसायचं कशाने? विहीणबाईंनी घरातल्या सगळ्या चिंध्या काढल्या, सगळ्या नायलॉनच्या. तेल टिपायच्या ऐवजी इकडचं तिकडे करत होत्या. व्याह्यांनी अंगातला बनियन फाडला, तर त्याचे तंतू रुळाला चिकटले. ते दांड्यात अडकले तर संपलंच. व्याही म्हणाले, "पन्नासदा धुतलेलं जुनं सुती पाहिजे. मऊ. पण आता कुणाच्या घरात असतं ते?"

 माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

मी उठलो, खाली उतरलो, रिक्षा केली. घरी भिंतीवरून चावी काढली. कुलूप गंजलं होतं, उघडेना. शेवटी मीच त्यात खोबरेल सोडलं. पेटीत वरच होतं हिचं निळं लुगडं, भाताच्या लावणीला नेसायची ते, धुऊन धुऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालेलं. मग कोयत्याने काठ बाजूला काढला आणि हातभर तुकडा फाडला. फाडताना आवाजसुद्धा झाला नाही, इतकं विरलं होतं.

दोघांनी मिळून सगळे रूळ पुसले, बोगद्यात हात घालून घालून. एक तंतू सुटला नाही. व्याह्यांनी इंजिन ठेवलं, बटण फिरवलं, आणि निघालं! कसं निघालं म्हणून सांगू! दांडे खालीवर, खालीवर, सोंड पुढे करून पूल ओलांडला, बोगद्यात गडप, पलीकडून दिवा आधी आणि मग इंजिन. खांबापाशी आलं. ते मध्येच अलगद वाकलं आणि वळून गेलं. व्याह्यांनी मला मिठी मारली, उघड्या अंगाने, खोबऱ्याच्या वासासकट. "व्याही, खेकडा वळला!" ते ओरडले, आणि मी पण ओरडलो, दोन म्हातारे. खाली शेजारीपाजारी गोळा झाले, काय झालं म्हणून.

जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी तो आवाज कसा काढायच्या हो?"

मी काढून बघितला. जमला नाही. व्याही वाकून एका सिग्नलची वायर बराच वेळ नीट करत बसले. ती नीटच होती.

आता तेल बंद आहे, त्यामुळे रूळ दर आठवड्याला पुसावे लागतात, खारी हवा आहे. रविवारी मी जातो. तोच तुकडा आहे, विहीणबाई धुऊन ठेवतात. बाकीची लुगडी पेटीत घडी घालून आहेत, त्यांना हात लावलेला नाही. पण कुलूप आता घालत नाही मी.