बत्तीसवर अडकलेली डिस्क

दिग्रसच्या आमच्या घरी जुना कॉम्प्युटर आणला, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "याच्यात कॅसेट उतरते काय?"

बाबा भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. आई मागे कोरसात गायची. ती गेली आणि कॅसेटींना बुरशी धरू लागली, म्हणून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. त्यावर विंडोज नव्हतं. मासिकासोबत फुकट मिळालेल्या सीडीवरून मी लिनक्स बसवलं होतं, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मशीनवर चालणाऱ्या युनिक्सच्याच घराण्यातलं.

एका दुपारी गाणं अर्ध्यात असताना डिस्क भरली.

"माही पेटी पुसून टाक," बाबा म्हणाले. "तुह्या आईचा आवाज राहू दे."

"एकातून दुसरं निघत नाही, बाबा."

मग दुसरी डिस्क घ्यायला आम्ही एसटीनं यवतमाळला गेलो. पहिल्या दुकानदारानं मोठी, स्वस्त, नवी डिस्क पुढे केली. पण तिची वायर बारीक होती, माझ्या मशीनची चपटी पट्टी तिला बसेना. दुसरा म्हणाला, "युनिक्स म्हणता? मग स्कझी डिस्क लागते, मोठ्या सर्व्हरवाली." माझ्याकडच्या युनिक्सच्या जुन्या पुस्तकातही तसंच लिहिलं होतं. पण मग घरी इतके दिवस साधी डिस्क चालत होती ती कशी? आणि स्कझीची किंमत ऐकून बाबा दुकानाबाहेरच जाऊन उभे राहिले.

तिसऱ्याकडे जुना माल होता. "जिनिंगवाल्यानं ऑफिस आवरलं, तिथली हाय," तो म्हणाला. "कापूसच येऊन नाही राह्यला, तर तो कॉम्प्युटर ठेवून काय करंल?" डिस्क ऐंशी जीबीची होती आणि पट्टी बसत होती. चांगली की खराब, ते मला कळेना. बाबांनी ती हातावर तोलली. "जड हाय. घे."

घरी लावली तर बत्तीस जीबीच दिसली.

"बाकीची कुठं गेली?" बाबा.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुमच्या जुन्या मदरबोर्डले बत्तीसच्या वरचं झेपत नाही. म्हणून मी डिस्कच्या मागच्या पिनांवर टोपी लावून दिली, मंग ते बत्तीसचीच दिसते."

ती इवलीशी टोपी मी चिमट्यानं काढली. आता मशीन काळ्या पडद्यावरच अडकून बसलं. टोपी लावली की बत्तीस, काढली की काहीच नाही. पुस्तक उलटंपालटं केलं, डोकं फिरायची वेळ आली. शेवटी वैतागून मशीनच्या सेटिंगमध्ये त्या डिस्कसमोर 'नाही' असं करून टाकलं. निदान जुन्या डिस्कवरून तरी चालू होईल, एवढीच आशा होती.

मशीन चालू झालं. आणि लिनक्सच्या आत नवी डिस्क अख्खी दिसत होती.

बाबा खुर्ची ओढून जवळ आले. "तू मशीनले सांगतलं का डिस्क नाही, अन् आतल्याले ते दिसली?"

"हो."

"कशी काय?"

"मले नाही समजलं, बाबा."

लिनक्स मशीनला न विचारता स्वतःच डिस्क शोधतं, असं पुढे कुणीतरी सांगितलं. मी मान डोलावली, पण डोक्यात नीटसं आजही बसलेलं नाही.

बाबांनी कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली. एका ओळीला आई कोरसात सगळ्यांच्या मागून शिरते, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

"तिले ताल समजतच नव्हता," बाबा म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला.